श्रीलंकेला मुलांना घेऊन जाताय? मग दक्षिणेचं याला राष्ट्रीय उद्यान सोडा, तलावांच्या मुलखात मुक्काम करा

श्रीलंकेच्या सात दिवसांच्या पॅकेजात कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, याला आणि बेंटोटा असं सगळं कोंबलेलं असतं. मुलांचा निम्मा दिवस गाडीत जातो आणि प्राचीन बौद्ध स्थळं म्हणून डंबुल्ला घाईघाईत उरकलं जातं. वन्यजीव आणि जुने विहार दोन्ही मनापासून बघायचे असतील, तर माझं स्पष्ट मत आहे: दक्षिणेकडे धावूच नका. विमानतळावरून थेट हबरणा किंवा डंबुल्ला गाठा (चारेक तास लागतात), तिथेच चार-पाच रात्री राहा आणि उत्तरेचा हा कोरडा पट्टा सावकाश बघा. इथे स्तूप आणि हत्ती हे दोन वेगळ्या दिवसांचे विषय नाहीत. दोघांनाही जगवलं ते राजांनी बांधलेल्या तलावांनी.

उदाहरण महासेन राजाचं. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस त्याने अनुराधपुर या आपल्या राजधानीत जेतवन स्तूप उभारायला घेतला. स्तूपाची मूळ उंची सुमारे १२२ मीटर, विटा अंदाजे ९ कोटी ३० लाख. त्याच राजाने मिन्नेरियाचा तलाव बांधला. त्या भागातले शेतकरी आजही त्याला ‘मिन्नेरी देवियो’ म्हणून पुजतात. हिवाळ्यातल्या ईशान्य मोसमी पावसात भरलेल्या या तलावाचं पाणी भातशेतीला सोडतात. जुलैपासून पाणी मागे हटतं, उघड्या पडलेल्या तळावर कोवळं गवत उगवतं. आजूबाजूचं जंगल तेव्हा वाळलेलं असतं, त्यामुळे हत्तींचे कळप इथे उतरतात. ऑगस्ट-सप्टेंबरात एका संध्याकाळी दोनशे-तीनशे हत्ती दिसू शकतात. म्हणजे जगभरातले लोक जो देखावा बघायला येतात, तो सतराशे वर्षांपूर्वीच्या पाटबंधाऱ्याच्या कामातून तयार झालेला आहे. मुलांना हे आधी सांगा, मग जीपमध्ये बसवा.

आता अडचण कुठे येते ते. मोरगहकंद धरण झाल्यापासून कधीकधी ऐन कोरड्या हंगामात मिन्नेरियात पाणी सोडलं जातं. तळ बुडतो, गवत बुडतं आणि हत्ती दुसरीकडे जातात. म्हणून महिनाभर आधी ‘मिन्नेरिया सफारी’ असं पक्कं बुकिंग करून पैसे भरू नका. मिन्नेरिया, कौडुल्ला आणि हुरुलू इको पार्क अगदी जवळजवळ आहेत आणि हत्ती या तिघांत फिरत असतात. हबरण्यात पोचल्यावर त्या दिवशी सकाळी दोन-तीन जीपवाल्यांना विचारा, ‘काल संध्याकाळी कळप कुठे होते?’ साधारण अंदाज असा: ऑगस्ट-सप्टेंबर मिन्नेरिया, ऑक्टोबरच्या सुमारास कौडुल्ला, त्यानंतरच्या पावसाळी महिन्यांत हुरुलू. ‘तीनशे हत्ती नक्की दाखवतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

जीपचं भाडं आणि उद्यानाचं तिकीट वेगळं असतं. तिकिटातही माणशी शुल्क, गाडीचं शुल्क, सेवाशुल्क आणि वर कर असे तुकडे असतात. त्यामुळे भाव ठरवताना ‘सगळं धरून किती?’ हेच विचारा. सार्क देशांच्या नागरिकांना उद्यानांत आणि मोठ्या पुरातत्त्वस्थळांवर सवलतीचा दर आहे, पण तो मागावा लागतो आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून निघालात, तर चौघांच्या तिकिटांत मोठा फरक पडेल.

सफारी दुपारची घ्या. तीनच्या सुमारास आत शिरा आणि सहाला उद्यान बंद होईपर्यंत थांबा, कारण कळप ऊन उतरल्यावरच मोकळ्यावर येतात. ड्रायव्हरला सुरुवातीलाच सांगा की कळपाची वाट अडवायची नाही आणि पिल्लू व आई यांच्या मध्ये गाडी घालायची नाही. हत्तीण कान पसरून समोर वळली, सोंड उचलून वास घ्यायला लागली किंवा पाय झुलवत उभी राहिली, तर फोटो राहू द्या, गाडी मागे घ्यायला सांगा. आणि हबरणा-पोलोन्नरुवा रस्त्यावर हत्ती उभा दिसला म्हणून केळी फेकू नका. खाण्याची सवय लागलेला हत्ती रस्ता सोडत नाही, मग एक दिवस माणूस मरतो किंवा हत्ती. हबरण्यात हत्तीच्या पाठीवर बसवणारे भेटतील. मुलांनी कितीही हट्ट केला तरी नको.

सकाळ विहारांसाठी ठेवा. अनुराधपुरानंतरची राजधानी पोलोन्नरुवा इथे सायकली भाड्याने घ्या. रस्ते सपाट आणि सावलीचे आहेत, आठ-दहा वर्षांची मुलं सहज चालवतात. गल विहाराला मात्र वेळ द्या. बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजाच्या काळी एकाच कातळात कोरलेल्या बुद्धाच्या चार मूर्ती आहेत, पहुडलेली साधारण १४ मीटरची. तिच्या पायांशी उभं राहून मुलांना अंगठे बघायला सांगा: दोन्ही एका रेषेत नाहीत, डावा किंचित मागे सरकलेला आहे. ही झोप नव्हे, महापरिनिर्वाण आहे, हे ओळखायची ती खूण. मग डोक्याकडे या. दगडाची उशी डोक्याच्या भाराने दबलेली दाखवली आहे, आणि कातळाचे नैसर्गिक पट्टे चेहऱ्यावरून वाहत गेल्यासारखे दिसतात.

मुलांसाठी आणखी एक काम: पायऱ्यांपुढचे अर्धवर्तुळाकार चंद्रशिलापट्ट. अनुराधपुरातल्या पट्टावर हत्ती, घोडा, सिंह आणि बैल रांगेने चालताना दिसतात, त्याच्या आत हंस. पोलोन्नरुव्यात बैल गायब आहे. हिंदू प्रभावामुळे त्याला पायाखालून काढल्याचं मानतात. कुठला प्राणी कुठे नाही हे शोधायला लावलं की कंटाळा येत नाही. तिथली माकडं, टोक मकाक, फक्त श्रीलंकेत आढळतात आणि पोलोन्नरुव्यातल्या त्यांच्या टोळ्यांचा अभ्यास १९६८ पासून चालू आहे. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती झडप घालतात, तेव्हा खाऊ सॅकमध्येच असू द्या.

पॅकेजवाले सहसा गाळतात ती जागा म्हणजे अवुकना. तिथली सुमारे १२ मीटरची उभी बुद्धमूर्ती मागे कातळाला जोडलेली आहे. चेहरा पूर्वेला, म्हणून सकाळीच जा. जवळच पाचव्या शतकात धातुसेन राजाने बांधलेला काला वेवा (वेवा म्हणजे तलाव) आहे. तिथून अनुराधपुरापर्यंत ८७ किलोमीटरचा कालवा काढला आणि सुरुवातीच्या टप्प्यात उतार ठेवला किलोमीटरला जेमतेम १० सेंटिमीटर. सुळे असलेले हत्ती श्रीलंकेत फार थोडे, पण काला वेवाच्या काठी त्यांची गाठ पडण्याची आशा बरी असते. तलावांत मगरी असतात, मुलांना पाण्याच्या कडेला सोडू नका.

अनुराधपुरातला बोधिवृक्ष अशोककन्या संघमित्रेने आणलेल्या फांदीपासून वाढला. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाच्या वंशातला, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक कुटुंबांसाठी हा थांबा पर्यटनापलीकडचा आहे. तेरा-चौदा किलोमीटरवर मिहिंतले, जिथे महेंद्राने शिकारीला निघालेल्या राजाला थांबवून धम्म सांगितला अशी परंपरा आहे. डोंगर चढायला १८४० पायऱ्या सांगतात. गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, आजी-आजोबांना तिकडून न्या.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, टोपी आणि चपला बाहेर. अकरानंतर दगडी फरशी पाय भाजते, प्रत्येकाचे जाड मोजे बरोबर ठेवा, मोजे चालतात. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे तो अपमान समजला जातो. डंबुल्ल्याच्या गुहामंदिराचं तिकीट पायथ्याशीच घ्या, नाहीतर वर जाऊन परत उतरावं लागेल. सिगिरियाच्या कातळगडावर जाणार असाल तर गेट उघडताच चढा आणि मुलांना आरडाओरडा करू देऊ नका, कड्यावर डंख मारणाऱ्या माश्यांची पोळी आहेत.

शाकाहारी असाल तर ‘उंबलकड नको’ हे वाक्य पाठ करा. हा सुक्या माशाचा चुरा नारळाच्या चटणीत (सांबोल) आणि भाज्यांतही बेमालूम असतो. वरण (परिप्पू), इडिअप्पम आणि मडक्यातलं म्हशीचं दही कितुल नावाच्या ताडाच्या काकवीबरोबर मुलं आवडीने खातात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक बदल करावा. मे-जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो-गॉलकडे कोसळतो, हा पट्टा बराच कोरडा राहतो. पण तलाव अजून भरलेले असल्याने मोठे कळप जमलेले नसतात. तेव्हा एक दिवस अनुराधपुराहून विल्पत्तू राष्ट्रीय उद्यानाला द्या. बिबट्यासाठी लोक जातात, पण त्या दिवसांत तिथे पालू, म्हणजे आपली खिरणी, पिकते आणि अस्वलं फळांसाठी झाडावर चढतात. फक्त वैशाख आणि पोसोन (ज्येष्ठ) पौर्णिमेच्या तारखा आधी बघा: पोसोनला अनुराधपूर-मिहिंतल्यात लाखोंची गर्दी असते आणि त्या आठवड्यात ऐनवेळी खोली मिळणं कठीण.