टर्की पक्षी तुर्कस्तानचा नव्हे : एक खुलासा

‘टर्की हा पक्षी मूळचा तुर्कस्तानातला असून तिथूनच तो अमेरिकेत गेला’ असा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतला. स्पॅनिश लोक पोहोचण्याच्या कितीतरी शतके आधीपासून मेक्सिकोतील मूलनिवासी तो पाळत होते आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिशांनी तो युरोपात नेला.

नाव पडले ते गोंधळातून. आफ्रिकेतील गिनी कोंबडी तुर्की अमलाखालील प्रदेशांतून येत असल्याने इंग्रज तिला ‘टर्की’ म्हणत, आणि तेच नाव पुढे या अमेरिकी पक्ष्याला चिकटले. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये दिलेल्या ‘मेलिॲग्रिस’ या शास्त्रीय नावातही हीच गफलत कायम राहिली, कारण तो मुळात गिनी कोंबडीसाठीचा ग्रीक शब्द आहे. खुद्द तुर्की भाषेत या पक्ष्याला ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंच ‘दँद’ म्हणजे ‘हिंदुस्थानचा’, तर डच ‘काल्कून’मध्ये आपले कालिकत दडलेले आहे, तेव्हा नावावरून मूळ ठरवायचे झाल्यास हा पक्षी भारतीयच म्हणावा लागेल!

भारतात मात्र तो बाहेरूनच आला. मुघल बादशहा जहांगीरच्या आज्ञेवरून त्याचा सरदार मुकर्रब खान याने गोव्यातील पोर्तुगीजांकडून ज्या दुर्मीळ वस्तू आणि प्राणी मिळवले, त्यांत टर्की होता. 1612 मध्ये तो पाहून बादशहाने त्याचे बारकाईने वर्णन लिहिले आणि चित्रकार मन्सूरने त्याचे चित्र काढले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.