दुकानातला धबधबा

आमचं दुकान ठिबकच्या सामानाचं, गिऱ्हाईक बहुतेक रावेर-यावलकडचे केळीवाले. मे महिन्यात इकडं पारा ४५च्या पुढं गेला की कुलरसुद्धा वाफ फेकतो, तर मला वाटलं निदान कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तरी गार पाणी वाहू द्यावं. हीच दुर्बुद्धी.

त्याआधी पाइपांचं सांगतो. जुना कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवाला, त्यात थ्रीडी पाइप्स नावाचा स्क्रीनसेव्हर (काम थांबलं की स्क्रीनवर सुरू होणारा देखावा) होता. काळ्या पडद्यावर रंगीत पाइप आपोआप वाढत जायचे, वळायचे, जोड लागायचे, आणि क्वचित एखाद्या जोडावर चक्क चहाची किटली उगवायची (खोटं नाही, तसं प्रोग्रामवाल्यांनीच करून ठेवलेलं). एक बाबा बिलाची वाट बघत बराच वेळ ते बघत बसले आणि म्हणाले, "काय भो, कोणाची लाइन टाकून ऱ्हायले ही? एवढे एल्बो लावले तं शेवटच्या झाडाले प्रेशर कसं भेटीन?" मग किटली दिसली. "अन् वॉल्वच्या जागी हे काय लावलं?" मी म्हटलं नवीन मॉडेल आहे. त्यांनी भाव विचारला.

तर धबधबा. कुठूनतरी एक जीआयएफ, म्हणजे हलणाऱ्या चित्राची फाइल मिळाली. हा प्रकार १९८७चा, त्यात एका चित्राला फक्त २५६ रंग, त्यामुळं पाणी जरा पिठल्यासारखं दिसायचं, पण एक्सपीत वॉलपेपर म्हणून हलायचं खरं. दर दोन सेकंदांनी पाण्याला उचकी लागायची आणि सगळं पहिल्यापासून. कोपऱ्यातला एक बगळा उडायचा, आणि पंख पूर्ण उघडायच्या आत परत दगडावर. दिवसभर. माझं बिलात लक्ष लागेना, मी त्या बगळ्याच्याच काळजीत. गिऱ्हाईकं तर आल्या आल्या म्हणायची, "मोटार बंद करा हो, पाणी वाया चाललं."

पुढं एक्सपीचा कॉम्प्युटर म्हातारा झाला, नवीन घेतला, आणि त्यात तीच जीआयएफ लावली तर पाणी जागच्या जागी थांबलं! नव्या विंडोजमध्ये जीआयएफ वॉलपेपर लावली की तिचं पहिलंच चित्र दिसतं, बाकी सगळं गुल. बगळा तेवढा सुटला बिचारा.

इथं आमच्या भाच्याची एन्ट्री. "मामा, टेन्शन नका घेऊ." त्यानं कुठलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि अख्खा व्हिडिओच पाठीमागं लावून दिला. काय धबधबा होता राव! फक्त सीपीयूचा पंखा असा घोंघावायला लागला की अण्णा आतून ओरडले, गिरणी कोणी चालू केली. नेमकी बागायती कपाशीवाल्यांची नळ्या न्यायची गर्दी, वीस माणसं काउंटरवर, आणि बिलाचं सॉफ्टवेअर गोल गोल चक्र फिरवत बसलेलं, मागं पाणी मात्र झकास. लाइट गेली तर इन्व्हर्टरनं पण लवकर मान टाकली, मग मी वहीत हातानं बिलं लिहिली आणि कार्बन उलटा लागला.

हौस तरी फिटावी ना, नाही. भाच्यानं वर माशांचा स्क्रीनसेव्हर डाउनलोड केला. स्क्रीनसेव्हरची फाइल म्हणजे चित्र नसतं, सरळ चालणारा प्रोग्रामच असतो, हे मला नंतर रिपेअरवाल्यानं फॉरमॅटचे पैसे मोजता मोजता सांगितलं. मासे शेवटपर्यंत आलेच नाहीत, व्हायरस तेवढा आला. वर तो म्हणे, स्क्रीनसेव्हर हवाच कशाला, जुन्या डबा मॉनिटरवर एकच चित्र राहिलं की काचेवर त्याचा डाग उमटायचा म्हणून ते शोधून काढलेलं, तुमच्या एलसीडीला काय धाड भरलीय? अण्णा हे ऐकत होते. त्यांनी उठून मॉनिटरचं बटण बंद केलं, "काम नसलं की हे दाबायचं. झाला सेव्ह."

आता पाठीमागं नुसता काळा रंग आहे. परवा तेच बाबा आले, टोपी काढून घाम पुसला, स्क्रीनकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "काय भो, ट्यूबवेल आटली का?"