लाइट मारल्यावरही चिकट राहतं, म्हणजे बाँडिंग कच्चं राहिलं का?

नमस्कार काका,

तुम्ही सत्तरी ओलांडल्याचं लिहिलंत, म्हणून काका म्हणते. बाँडिंगवरच्या, म्हणजे दातात भरलेला माल दाताला चिकटवणाऱ्या पातळ रेझिनवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप असे: दहा सेकंदांच्या निळ्या दिव्याने काही घट्ट होत नसतं, मुंबईच्या पावसाळी हवेत तर ते वाळणंच शक्य नाही. लाइट मारल्यावरही डॉक्टरांनी दाढेवरचा चिकट थर पुसला, म्हणजे माल कच्चाच होता. आणि ते सिमेंट (दाताच्या रंगाचं कंपोझिट) वर्षभरात पडलं, त्याआधीची चांदी (धातूचं भरण) मात्र वीस वर्षं टिकली.

आधी दिव्याचं. बाँडिंग वाळून घट्ट होत नाही आणि तापूनही नाही. मे महिन्यात वीज जाऊन दवाखाना कितीही तापला तरी काळ्या बाटलीतलं बाँडिंग पातळच असतं. थेंबभर बाहेर काढून खुर्चीच्या दिव्याखाली राहू दिलं, तर मात्र ते दाट होऊ लागतं. त्यात कॅम्फरक्विनोन नावाचं पिवळं द्रव्य असतं, मूळ कापराच्या घरातलं. ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश ते सर्वांत जास्त शोषतं. प्रकाशाने उत्तेजित झालं की ते सोबतच्या अमाइन नावाच्या रसायनाकडून हायड्रोजन ओढून घेतं, आणि त्या अमाइनचा फ्री रॅडिकल, म्हणजे लगेच कशाशी तरी जोडला जाणारा रेणू होतो. तो मेथाक्रिलेटच्या (बाँडिंगमधल्या मुख्य द्रव्याच्या) रेणूचा दुहेरी बंध फोडून त्याला जोडला जातो, तो रेणू पुढच्याला, आणि बघता बघता साखळ्यांचं जाळं विणलं जातं. हे सगळं सेकंदांत होतं. दिवा बंद केल्यावरही ही क्रिया मंद गतीने काही तास चालते. तरीही सगळे बंध जोडले जात नाहीत, साधारण निम्मे ते पाऊण जोडले जातात. (दिवा अतिनील नसतो. तसे दिवे १९७०च्या दशकात वापरत, तुमच्या मनातली भीती तिथली आहे.)

आता चिकटपणा. फ्री रॅडिकलला मेथाक्रिलेटपेक्षा हवेतला ऑक्सिजन लवकर गाठतो आणि साखळी तिथेच थांबते. म्हणून हवेला लागून असलेला, मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ थर ओलसर राहतो. काचेवर बाँडिंगचे दोन थेंब घ्या, एकावर पारदर्शक मायलर पट्टी दाबा आणि दोन्हींवर सारखाच लाइट मारा. पट्टी काढल्यावर तिच्याखालचा थेंब टणक, चकचकीत निघतो. उघड्यावरून बोट फिरवलं तर चिकट लागतं. मधल्या थरांत या चिकटपणाचा उपयोगच होतो, पुढचं कंपोझिट त्याच्याशी एकजीव होतं. सर्वांत वरचा पुसून, पॉलिश करून काढायचाच असतो. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं.

दमटपणाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, फक्त तो दादरच्या पावसातून येत नाही, तोंडातून येतो. आपला उच्छ्वास बाराही महिने दमट असतो. साधारण ३७ टक्क्यांच्या फॉस्फोरिक ॲसिडने डेंटीनमधलं (दाताच्या वरच्या कठीण कवचाखालच्या थरातलं) खनिज काढल्यावर कोलॅजन या प्रथिनाचे धागे उघडे पडतात. ते अगदी कोरडे केले तर आडवे पडून एकमेकांना चिकटतात, फार ओले ठेवले तर रेझिनला आत शिरायला जागा राहत नाही. म्हणून किंचित ओल ठेवून बाँडिंग ब्रशने नीट चोळायचं आणि मग हळुवार हवा मारत राहायचं. सुरुवातीला पृष्ठभागावर लाटा उठतात. द्रव हलायचा थांबला की त्यातलं अल्कोहोल किंवा ॲसिटोन बऱ्यापैकी उडालं असं समजायचं. ते आत राहिलं तर वर कितीही लाइट मारा, जाळं विरळच होतं. बाहेर पेशंट ताटकळत असले की सर्वांत आधी काटछाट होते ती याच हवेच्या सेकंदांची, आणि मला हे मनापासून खटकतं.

तुमचं सिमेंट का पडलं, हे तोंड न बघता मी सांगणार नाही. पण मागच्या दाढेला दोन धोके कायम असतात. एक म्हणजे लाळ: बाँडिंगच्या आधी एक थेंब लागला तरी ती जागा पुन्हा धुऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दुसरा म्हणजे अंतर. तोंड कमी उघडत असेल तर दिव्याचं टोक तिरकं आणि लांब राहतं, आणि खड्ड्याच्या तळाशी प्रकाश बराच कमी पोहोचतो. तिथे दहाऐवजी वीस सेकंद द्यावे लागतात.

चांदी टिकली कारण ती दाताला चिकटतच नाही, आतून रुंद कोरलेल्या खड्ड्यात अडकून बसते. थोडी ओल तिला चालते. पण त्या अडकण्यासाठी चांगला दातही कोरावा लागतो, म्हणून मी सहसा बाँडिंगकडे वळते. जिथे लाळ अडवताच येत नाही, तिथे मात्र ग्लास आयोनोमर, म्हणजे दाताला स्वतःहून चिकटणारा माल भरते. पुन्हा भरून घ्याल तेव्हा डॉक्टरांना विचारा, रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावता येईल का. तुमच्या दाढेला लावता येत नसेल, तर ग्लास आयोनोमरचाही विचार करा.