अंथरुणातला दांडिया, फक्त दीड हजार

काल रात्री पावणेदहाला आईच्या केअर सेंटरचं ऑक्टोबरचं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडलं. ठरलेले ३८,०००. खाली डायपर वेगळे, हातमोजे वेगळे, डॉक्टरांची व्हिजिट वेगळी. ते दर महिन्याचंच, मुकाट गिळते. पण शेवटची ओळ वाचली आणि घास तोंडातच राहिला. ‘अ‍ॅक्टिव्हिटी चार्ज (दांडिया) : १,५००’.

दांडिया! अहो, खुब्याचं हाड मोडल्यापासून, म्हणजे मार्चपासून, आई अंथरुणात आहे. कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. फोन लावला तर मॅनेजर मधाळ आवाजात, ‘मॅडम, आजींनी खूप एन्जॉय केलं, थांबा, फोटो पाठवते.’ फोटो आला. आई पलंगावर आडवी, गाऊनला चमचमती ओढणी पिनेने अडकवलेली आणि मुठीत एक टिपरी. एकच! जोडीतली दुसरी बहुतेक पलीकडच्या खाटेवरच्या काकांच्या बिलात लावली असेल.

मेडिक्लेमचं तर नावच काढू नका. ऑपरेशनचे पैसे दिले, तेही हातमोजे-कापूस वजा करून. त्यानंतर खरं काम सुरू होतं ना? भरवणं, पुसणं, पाठीला जखमा होऊ न देणं. त्याला ते ‘कस्टोडियल केअर’ म्हणतात आणि ते पॉलिसीत बसत नाही. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्डही काढलं, पाच लाखांचं. तेही हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं तरच. म्हणजे आई आणखी आजारी पडली तर पैसे सरकारचे, आहे तशी राहिली तर माझे.

बरं, सांगायचीही पंचाईत. ‘नर्सिंग होम’ म्हटलं की शेजारच्या काकू विचारतात, ‘कोणाचं बाळंतपण?’ वृद्धाश्रम म्हटलं की तेराव्याला आल्यासारखे चेहरे.

आणि न्यू जर्सीतले आमचे बंधुराज! ‘ताई, क्वालिटीशी कॉम्प्रमाइज नको.’ शंभर डॉलर पाठवतो आणि पोचले का म्हणून तीनदा विचारतो. परवा तिरमिरीत त्याला ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा पाठवणार होते. मग वाचलं, त्यात मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,०००. तेवढ्यात डायपर येतील आणि ती एक टिपरी.

त्यात नोव्हेंबर. पेन्शनसाठी हयातीचा दाखला. आईच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीन घेत नाही. मोबाइलसमोर चेहरा धरला तर अ‍ॅप म्हणतं, डोळे मिचकवा. आई ते मिटून घेते ती उघडतच नाही. दांडियाला हयात, पेन्शनला नाही!

साडेअकराला मॅनेजरला हातभर मेसेज लिहिला. ग्राहक मंच, वकील, सगळं होतं त्यात. पाठवण्याआधी पुरावा म्हणून फोटो परत उघडला. बाई हसतेय चक्क. कवळी न लावता, हिरड्या दाखवून. मी भेटायला गेले की फक्त ‘बिल भरलंस का गं?’ एवढंच विचारते.

मेसेज खोडला. पैसे पाठवले, वर हात जोडलेली इमोजीसुद्धा. दुसरी टिपरी मात्र रविवारी मागून घेणार आहे.