वृद्धाश्रमाच्या बोर्डावरचा नंबर म्हणजे परवाना नव्हे

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक मेसेज तीन वेगवेगळ्या काकांनी टाकला. सार असं: 'आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवताना घाबरू नका. 2019च्या कायद्याने प्रत्येक वृद्धाश्रमाला सरकारी परवाना सक्तीचा आहे. बोर्डावर धर्मादाय आयुक्तांचा नंबर दिसला की परवाना आहे असं समजा. ऐंशी-जी असेल तर दरवर्षी तपासणी होते. आजारी माणूस ठेवायला वेगळी परवानगी लागत नाही.' यातला एकही दावा टिकत नाही.

'2019चा कायदा' झालाच नाही. त्या वर्षी डिसेंबरात लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, त्यात खासगी वृद्धनिवासांची नोंदणी आणि किमान दर्जा या गोष्टी होत्या, हे खरं. पण ते स्थायी समितीकडे गेलं आणि 2024मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं. लागू आहे तो आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीचा 2007चा मूळ कायदा. त्यात पोटगी आहे, महिना कमाल 10,000 रुपये. आईवडिलांना टाकून देणाऱ्यांना शिक्षेची तरतूद आहे. खासगी वृद्धाश्रमाने नोंदणी केलीच पाहिजे असं कलम मात्र त्यात नाही. अनाथ मुलांचं वसतिगृह काढा, 2015च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी नसेल तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आजीआजोबांच्या घराला तसा धाक नाही.

धर्मादाय आयुक्तांचा नंबर, तो 'ई' किंवा 'एफ'ने सुरू होणारा, ट्रस्टचा असतो. 1950च्या सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्याखाली विश्वस्त कोण, मालमत्ता किती, हिशेब तपासून घेतले का, हे तिथे पाहतात. रात्री किती माणसांमागे किती मावश्या आहेत, हे तिथे कोणी विचारत नाही. ऐंशी-जी तर देणगीदाराच्या आयकराची सवलत. तिचा आश्रमाच्या संडासात आधाराची दांडी आहे की नाही याच्याशी काय संबंध?

शेवटचा दावा सगळ्यात घातक. गेल्या वर्षी मी मावशीसाठी शहराबाहेरचं एक 'केअर सेंटर' बघायला गेलो होतो. तीन मजली बंगला, लिफ्ट नाही. मॅनेजरने प्लास्टिकच्या फोल्डरमधून कागद काढले: ट्रस्टचं प्रमाणपत्र आणि गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी. (कामगार थोडे असतील तर गुमास्ता म्हणजे ऑनलाइन दिलेली नुसती सूचना, तेव्हा त्याचं कौतुक नको.) नर्सिंग होमची नोंदणी विचारली तर म्हणाले, "आम्ही हॉस्पिटल नाही हो." तेव्हा मागच्या खोलीत एक मावशी कुणाच्या तरी नाकातल्या नळीत सिरिंजने पातळ पेज सोडत होती.

हॉस्पिटल असण्या-नसण्यावर ते ठरतच नाही. 1949च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात, जो महाराष्ट्रात आजही चालू आहे, आजारी, जखमी किंवा जराजर्जर माणसांना ठेवून त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा म्हणजे नर्सिंग होम. बोर्डावर 'आश्रम' लिहिलं म्हणून व्याख्या बदलत नाही. नुसती राहण्या-जेवण्याची सोय असेल तर गोष्ट वेगळी. पण नळी, कॅथेटर, बेडसोरची पट्टी सुरू झाली की प्रश्न विचारायलाच हवा, आणि महापालिका हद्दीत तो पालिकेच्या आरोग्य विभागाला विचारायचा. प्रमाणपत्रावर खाटांची संख्या असते. ती वाचून खोल्यांतल्या खाटा मोजाव्यात, चहा येईपर्यंत मोजून होतात.

स्मृतिभ्रंशाचे रुग्ण ठेवत असतील तर आणखी एक कागद. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या आजाराच्या व्याख्येत स्मृतीतला बिघाडही आहे, आणि अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. विनानोंदणी चालवली तर पहिल्या वेळी दंड 5,000 ते 50,000 रुपये.

आणि आगीचं? राज्याच्या 2006च्या कायद्याप्रमाणे जिथे अग्निशमन यंत्रणा बसवणं बंधनकारक आहे, तिथे ती चालू असल्याचा 'फॉर्म बी' परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. त्या बंगल्यात मी तो मागितला. मॅनेजर जिन्याखालच्या लाल सिलिंडरकडे बोट दाखवून म्हणाले, "हा काय, आहे ना." सिलिंडरवरच्या चिठ्ठीवरची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती.