केवळ एका जनुकावर विसंबणे पुरेसे नाही

फळमाशीच्या अळीवरून प्रजाती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नसल्याने वनस्पती संगरोध तपासणीत (आयात-निर्यातीच्या मालातील किडींच्या तपासणीत) डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखण्याची पद्धत, वापरावे, हे फळमाशीवरील लेखातील म्हणणे योग्यच आहे. २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीमुळे हापूसवर घातलेली बंदी पाहिलेल्या पुण्याच्या मार्केट यार्डाला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मात्र बारकोडिंगसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या सीओआय या एकाच जनुकाचा तुकडा बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस आणि बॅक्ट्रोसेरा कॅरॅम्बोली या एकमेकींच्या अगदी जवळच्या फळमाशी-प्रजातींना खात्रीने वेगळे करू शकत नाही आणि तेथे आयटीएस१ सारख्या, पेशीच्या केंद्रकातील डीएनए-खुणेची जोड द्यावी लागते, याचा उल्लेख हवा होता. शिवाय ज्याच्याशी डीएनए जुळवून पाहतात त्या संदर्भसंग्रहातील मूळ नमुन्याचेच नाव चुकले असेल (आणि तसे घडते), तर डीएनएचा क्रम कितीही स्वच्छ मिळाला तरी निष्कर्ष चुकतो. म्हणून प्रौढ माशी पाहून प्रजाती सांगणारे वर्गीकरणतज्ज्ञ प्रयोगशाळेत असायलाच हवेत, असे माझे मत आहे.