‘घरात माणसे आहेत’ म्हणजे नेमके काय?

गेल्या महिन्यात पुण्यातल्या कोथरूडहून मला इथे अमेरिकेत वहिनीचा फोन आला. त्यांच्या सोसायटीतल्या पालकांमध्ये वाद पेटला होता. नववी-दहावीची मुले रात्री चॅटजीपीटी या चॅटबॉटपाशी मन मोकळे करतात, ते बंद करावे की नाही, हा विषय. वहिनीचे मत ठाम होते : “अगं, आपल्याकडे घरात माणसे आहेत. यंत्राशी बोलायची वेळ तुमच्याकडच्या मुलांवर येते.” ते ‘तुमच्याकडच्या’ मला लागले, आणि तेव्हापासून मी तिच्याशी भांडते आहे.

माणसे आमच्याही घरात होती. सदाशिव पेठेतल्या तीन खोल्यांत आम्ही सात जण राहत होतो. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर मला अन्न जाईना आणि झोप लागेना. मी जिन्यात पुस्तक उघडून बसत असे आणि तेच पान तासभर माझ्यासमोर असे. येता-जाता प्रत्येकाने “किती धडे झाले?” असे विचारले, दुसरे काही कोणी विचारले नाही. एकाला सांगितलेले संध्याकाळच्या चहापर्यंत सातही जणांना कळणार, हे ठाऊक असल्यामुळे मीही तोंड उघडले नाही. मुले यंत्राकडे वळतात ती माणसे नसतात म्हणून नव्हे. यंत्र ही गोष्ट आत्याला सांगणार नाही, याची त्यांना खात्री वाटते म्हणून.

इथे इलिनॉय राज्यात शाळकरी मुलांना वर्षाला पाच दिवस मनाच्या स्वास्थ्यासाठी रजा मिळते आणि डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. १२ ते १७ वयाच्या मुलांना आईवडिलांच्या संमतीशिवाय समुपदेशनाची आठ सत्रे घेता येतात. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अल्पवयीन मुलाच्या उपचारांचा निर्णय पालकांच्या हाती असतो. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२५ मध्ये सांगावे लागले. माझ्या भाच्याच्या शाळेत समुपदेशक आहेत, पण त्यांच्या खोलीचे दार मुख्याध्यापकांच्या दारासमोर उघडते. त्या दाराशी कोणता मुलगा उभा राहील?

यंत्र निर्धोक आहे, असे मी म्हणत नाही. कॅलिफोर्नियात सोळा वर्षांच्या मुलाने जीव दिल्यानंतर त्याच्या आईवडिलांनी ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीवर दावा लावला. त्याच महिन्यात आमच्या राज्याने कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे मानसोपचार पुरवण्यास बंदी घातली. इथल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी घेतलेल्या एका चॅटबॉटच्या चाचणीत नैराश्याची लक्षणे निम्म्याने कमी झाली हे खरे, पण तो चॅटबॉट उपचारांसाठीच घडवलेला होता, त्यावर तज्ज्ञांची देखरेख होती आणि सहभागी सगळे प्रौढ होते. मुलांच्या फोनमधला चॅटबॉट सहसा हो ला हो करतो. “तू चुकते आहेस, ऊठ, आधी जेव” असे दटावणारी मावशी त्याच्यात नाही. म्हणून बंदीपेक्षा मला हे महत्त्वाचे वाटते, की टेलि-मानस या भारतातल्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा. तिथे चोवीस तास माणूस बोलतो, आणि मराठीतही बोलतो.

हे सगळे मी वहिनीला सांगितले. एक गोष्ट मात्र सांगितली नाही.

फेब्रुवारीत माझी मुलगी टॅब्लेट स्वयंपाकघरातल्या ओट्यावर विसरून झोपली होती. बाजूला सरकवताना पडदा उजळला. मी वाचायला नको होते, पण वाचले. तीन आठवडे तिला वर्गात धाप लागत होती, ते तिने चॅटबॉटला इंग्रजीत सविस्तर लिहिले होते. शाळेतल्या काउन्सेलरशी बोल, आईला सांग, असे त्याने दोनदा सुचवले होते. तिचे उत्तर एका ओळीचे होते. त्यात एकच मराठी शब्द होता, रोमन लिपीतला ‘आई’. आईला सांगितले तर ती पुन्हा पुण्याच्या गोष्टी सांगेल, असे तिने लिहिले होते.

सदाशिव पेठ, सात माणसे, तो जिना. हे तिला मी खरोखरच कितीदा ऐकवले आहे. माझ्या मुलीला तिच्या घराची ओळख व्हावी म्हणून सांगत होते, आणि तिला ते “किती धडे झाले?” असे ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या पोर्टलवर तिची रजा टाकली आणि आम्ही दोघी गाडीत बसलो. पहिली वीस मिनिटे मी काहीच बोलले नाही. मग ती बोलू लागली, इंग्रजीतच. मी मधे अडवले नाही. आता ती आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे जाते. वहिनीचा फोन येतो तेव्हा ‘ती क्लासला गेली आहे’ असे मी अजूनही सांगते.